महिन्यातून एक दिवस विशेष शिक्षक, बाकीचे दिवस?

2021-22 साली देशातल्या शाळांत 22.67 लाख दिव्यांग मुलांची नोंद होती आणि शाळा होत्या 14.89 लाख. म्हणजे एका शाळेमागे सरासरी दीड मूल. सरासरी फसवी असते. कुठे एकही नोंद नसते, तर कुठे चार-पाच मुले असतात. तरीही समावेशित शिक्षणाची खरी अडचण या आकड्यात दिसते. मुले विखुरलेली आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी नेमलेला माणूसही विखुरला जातो.

सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2021 च्या निकालानंतर केंद्र सरकारने 2022 मध्ये प्रमाण ठरवले: पहिली ते पाचवीसाठी 10 दिव्यांग मुलांमागे 1 विशेष शिक्षक, सहावी ते आठवीसाठी 15 मुलांमागे 1. सर्व इयत्तांना हेच प्रमाण लावले, तर देशाला साधारण दीड ते सव्वादोन लाख विशेष शिक्षक लागतील. समजा, उद्या सगळ्या जागा भरल्या. शाळेमागे दीड मूल असेल तर 10 मुले गाठायला सहा-सात शाळा फिराव्या लागतील. म्हणजे प्रमाण पूर्ण पाळले, तरी आठवड्यातले चार-पाच दिवस मूल त्याच्या नेहमीच्या बाईंकडे किंवा सरांकडेच असणार.

महाराष्ट्राचे गणित याहून कडक आहे. राज्याने 2024 मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची 4,860 पदे मंजूर केली, म्हणजे शाळांच्या प्रत्येक समूहाला, अर्थात केंद्राला, एक. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या विशेष शिक्षकांच्या दृष्टीने हा मोठा निर्णय होता आणि तो फार आधी व्हायला हवा होता. राज्यातल्या सर्व व्यवस्थापनांच्या शाळा मात्र सुमारे 1 लाख 8 हजार आहेत. भागाकार येतो 22. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 दिवस शाळा भरायला हवी. विशेष शिक्षक रोज एक शाळा करत गेला, तरी एका शाळेच्या वाट्याला वर्षात नऊ दिवस येतात. उरलेले 191 दिवस वर्गशिक्षकाचे.

प्रशिक्षणाची चर्चा या 191 दिवसांपासून सुरू व्हायला हवी. बहुतेक वेळा ती विशेष शिक्षकांच्या रिक्त पदांवर सुरू होते आणि तिथेच संपते.

वर्गशिक्षकाला काय मिळते? दोन वर्षांच्या बीएडमध्ये समावेशित शाळेवर एक विषय असतो. 2019 मध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ प्रशिक्षणात प्राथमिक शिक्षकांसाठी 18 घटक होते. समावेशित वर्गाचे नाव त्यातल्या एकाच्या शीर्षकात होते, तेही अभ्यासक्रमाच्या जोडीने. ही उणीव एकट्या आपली नाही. ओईसीडीच्या 2018 च्या ‘टॅलिस’ पाहणीत सरासरी 22 टक्के शिक्षकांनी सांगितले की, विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवण्याच्या प्रशिक्षणाची आपल्याला मोठी निकड आहे. विचारलेल्या सर्व विषयांत हा आकडा सर्वांत वरचा होता, तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणापेक्षाही.

शिक्षकाला दिसले नाही, तर मूल नोंदीतही येत नाही. 2021-22 ची एकूण पटसंख्या 25.57 कोटी होती, 22.67 लाख म्हणजे तिच्या 0.9 टक्के. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने युनेस्कोसाठी 2019 मध्ये केलेल्या अहवालात 2011 च्या जनगणनेवरून दिव्यांग मुले 78.64 लाख, म्हणजे एकूण मुलांच्या 1.7 टक्के धरली आहेत. वयोगट वेगळे असल्याने दोन्ही आकडे जसेच्या तसे शेजारी मांडता येत नाहीत, पण टक्केवारीतले अंतर जवळपास दुपटीचे आहे. शिवाय त्या जनगणनेत अपंगत्वाचे 8 प्रकार मोजले होते, 2016 च्या कायद्यात 21 आहेत. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता जनगणनेच्या यादीत नव्हती, ती कायद्यात आली. जी मुले शाळेत येतच नाहीत ती या फरकात आहेतच. पण वर्गात बसलेली, ‘अभ्यासात कच्ची’ असा शिक्का बसलेली मुलेही आहेत, आणि मला त्यांची काळजी अधिक वाटते. त्यांना ओळखण्याची पहिली संधी वर्गशिक्षकालाच असते.

मग विशेष शिक्षकाचे नऊ दिवस कसे वापरायचे? सध्याची रीत अशी की, तो येतो, मुलाला बाजूला घेऊन बसतो, नोंदी भरतो आणि पुढच्या शाळेकडे निघतो. माझ्या मते ते दिवस वर्गशिक्षकासोबत, चालू वर्गात जायला हवेत. कमी दिसणाऱ्या मुलासाठी फळ्यावरचे लिहिता लिहिता मोठ्याने वाचायचे. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलीकडे पाठ करून बोलायचे नाही. स्वमग्न मुलाला दिवसाचा क्रम चित्रांतून दाखवायचा. या गोष्टी कुणीतरी शेजारी उभे राहून दाखवल्या, पुढच्या खेपेला पाहून दुरुस्त केल्या, तरच त्या अंगवळणी पडतात. क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन यांनी 2018 मध्ये शिक्षकांना अशी वर्गातली साथ देण्यावरचे 60 अभ्यास एकत्र तपासले. शिकवण्याच्या दर्जात सुमारे अर्ध्या प्रमाण विचलनाइतकी सुधारणा दिसली, मुलांच्या संपादणुकीत 0.18 इतकी. अभ्यास बहुतांशी अमेरिकेतले आहेत आणि त्यांतला इशाराही महत्त्वाचा आहे: शंभराहून अधिक शिक्षकांच्या कार्यक्रमांत परिणाम बराच घटला.

22 शाळांच्या केंद्रात शिक्षकांची संख्या शंभराच्या पुढे सहज जाते. म्हणून नऊ दिवस सगळ्यांना सारखे वाटण्याऐवजी ज्यांच्या वर्गात दिव्यांग मूल आहे त्या शिक्षकांना जास्त द्यावेत, आणि त्या दिवसांत विशेष शिक्षकाकडे शिबिरांची व माहिती भरण्याची कामे देऊ नयेत. यासाठी नवे पद लागत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी त्याचा फिरती कार्यक्रम बदलून द्यायला हवा.