जुन्या पद्मिनीला चमकवायला जातात आणि रंगच घालवून बसतात, असं का होतं?

इन्स्टाग्रामवर एका प्रकारचं रील हमखास चालतं. वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली जुनी गाडी, तिच्या बॉनेटवर फिरणारं पॉलिशिंग मशीन, आणि तीस सेकंदांत अर्धं बॉनेट खडूसारखं पांढुरकं तर अर्धं आरशासारखं. खाली कमेंट ठरलेली, "भावा, आमच्या आजोबांची फियाट पण अशीच उभी आहे, करून टाकू का?"

रीलमध्ये एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. मशीनच्या पॅडला जो रंग लागलाय, तो गाडीचा आहे. तो परत गाडीवर जाणार नाही.

आजोबांची फियाट म्हणजे बहुतेक वेळा प्रीमियर पद्मिनी. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाट ११०० या गाडीला १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळालं. नाव बदललं तरी लोक फियाटच म्हणत राहिले, ते आजतागायत. उत्पादन थांबूनही आता दोन दशकं उलटून गेली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर, म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून, काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या.

त्यामुळे घराघरांत उरलेल्या गाड्यांचा भाव आणि जिव्हाळा दोन्ही वाढलंय. त्यात २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं मिळू शकतात. सगळ्यात पहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. इंजिन पुन्हा बांधता येतं, सीटची कव्हरं शिवून घेता येतात. कारखान्यात लागलेला रंग मात्र एकदाच लागलेला असतो.

मग जुन्या रंगात वेगळं काय आहे?

आजच्या गाडीवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. आपण पॉलिश करतो ते या थराला. खालचा रंग सुरक्षित राहतो.

जुन्या गाड्यांवर, खास करून साध्या, बिगर-मेटॅलिक रंगांत, हा थर बहुधा नसायचाच. प्रायमरवर थेट रंग, आणि तोच शेवटचा थर. याला सिंगल स्टेज पेंट म्हणतात. ऊन, पाऊस, धूळ आणि पॉलिश, सगळं थेट रंगावर येतं.

रंगात दोन मुख्य गोष्टी असतात. रंगाचे बारीक कण, आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो धरून ठेवणारा पदार्थ वरून सुटत जातो आणि कण मोकळे होतात. मग हात फिरवला की बोटाला भुकटी लागते. लाल गाडी गुलाबी दिसायला लागते ती यामुळेच. वरचा हा मेलेला थर अगदी पातळ असतो आणि त्याच्याखाली चांगला रंग शिल्लक असू शकतो. रीलमधली जादू एवढीच आहे. वरची भुकटी काढली की खालचा ताजा रंग दिसतो. प्रश्न फक्त इतकाच, की खाली नेमका किती उरलाय?

जाता जाता एक गंमत. आपल्याकडे सुतार आणि इंटिरियरवाले 'ड्युको पेंट' म्हणतात, ते नाव गाड्यांच्या दुनियेतून आलंय. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीनं १९२० च्या दशकात ड्युको नावाचा, झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोज लॅकर बाजारात आणला. त्याआधी गाडीचा रंग वाळायला कित्येक दिवस लागायचे. पण हा रंग थिनर उडून जाऊन वाळतो, त्यामुळे अनेक वर्षांनीही त्यावर थिनर पडला की तो पुन्हा विरघळतो. म्हणून जुन्या गाडीवरचा डाग काढायला थिनरचा बोळा हातात घेणं म्हणजे डागाबरोबर रंगालाही निरोप देणं.

आधी ओळख पटवा, मग हात लावा

ओळखायची पद्धत सोपी आहे. गाडी धुऊन कोरडी केल्यावर एखादी न दिसणारी जागा निवडायची, उदाहरणार्थ डिकीच्या झाकणाची आतली कड. पांढऱ्या सुती कापडावर थोडं सौम्य पॉलिश घेऊन तिथे हळूच घासायचं. कापडाला गाडीचा रंग लागला तर सिंगल स्टेज. कापड पांढरंच राहिलं तर वर क्लिअर कोट असण्याची शक्यता जास्त. मेटॅलिक रंगात ही चाचणी फसवू शकते, तिथे जाणकाराला दाखवलेलं बरं.

दुसरा प्रश्न, रंग मूळचा आहे का? खरं सांगायचं तर बहुतेक पद्मिनी आयुष्यात एकदा तरी गॅरेजमध्ये रंगवल्या गेल्या आहेत. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा अपघात झाला, कुणाचा पत्रा सडला. दरवाजाच्या रबराखाली, डॅशबोर्डच्या मागे किंवा डिकीत कार्पेटखाली वेगळा रंग दिसला तर गाडी नंतर रंगवलेली आहे. फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवलं आणि एखाद्या जागी ते धरेना, तर तिथे खाली पुट्टी भरलेली आहे.

याहून अचूक उत्तर हवं असेल तर थर मोजायचं यंत्र मिळतं. चांगल्या डिटेलिंगवाल्याकडे ते असतंच, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्या हाती जुनी गाडी देऊ नये. आजच्या गाडीवर कारखान्यातले सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे सगळा मामला दोन केसांच्या जाडीचा. जुन्या गाडीवर आकडा जागोजागी बदलतो. ३०० च्या वर गेला तर पुन्हा रंग चढलाय असं समजायचं, आणि हजाराच्या आसपास गेला तर पुट्टी. यंत्र प्रायमर धरून सगळं मोजतं, त्यामुळे आकडा मोठा दिसला म्हणून रंगही भरपूर आहे असं होत नाही.

गाडी अलीकडे चांगल्या रंगानं रंगवलेली निघाली तर निम्मी भीती इथेच संपते. मूळचा रंग निघाला तर पुढचं सगळं सावकाश.

खरं नुकसान पॉलिशमध्ये नाही, पुसण्यात होतं

सोसायटीत रोज सकाळी गाड्या पुसल्या जातात. एक बादली, एक फडकं, दहा गाड्या. किंवा त्याहून वाईट म्हणजे कोरड्या फडक्यानं धूळ झटकणं. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळूतलं क्वार्ट्झ काचेलाही ओरखडा काढू शकतं. रंग तर काचेपेक्षा कितीतरी मऊ. कोरडं फडकं फिरवणं म्हणजे बारीक सँडपेपर फिरवणं. काळी गाडी उन्हात पाहिली तर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात, ते बहुतेक वेळा याच रोजच्या प्रेमातून आलेले असतात.

म्हणून गाडी रोज पुसू नका. धूळ नुसती बसून राहिली तर ती रंगाला फारशी त्रास देत नाही, ती घासली की देते.

धुवायची तेव्हा सावलीत, पत्रा थंड असताना. आधी नुसतं पाणी सोडून मोठी धूळ वाहून जाऊ द्यायची. प्रेशर वॉशर शक्यतो नकोच. जिथे रंगाचा टवका उडालाय तिथे धार घुसली की शेजारचा रंगही सालीसारखा निघतो, आणि क्रोमच्या पट्ट्यांमागे गेलेलं पाणी आतून गंज लावतं. साधा पाइप पुरतो.

मग दोन बादल्या. एकीत गाडीचा सौम्य शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून माती काढायची, मग पुन्हा शाम्पूत. छतापासून सुरुवात करून खाली यायचं, कारण सगळ्यात जास्त खडी खालच्या भागाला असते. मोजा जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद.

बोअरचं पाणी वापरत असाल तर गाडी वाऱ्यावर वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे गोल डाग पडतात. लगेच स्वच्छ मायक्रोफायबर टॉवेल ठेवून टिपून घ्यायचं. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी छोटी भोकं असतात, ती मातीनं बुजलेली नाहीत हे पाहायचं. आणि धुतल्यावर लगेच झाकू नका, एक चक्कर मारून आणा. बहुतेक पद्मिनींना चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि आत पाणी गेलं की ते नीट लागत नाहीत, तेव्हा सुरुवातीला सावकाश.

रॉकेल, टूथपेस्ट आणि भांड्यांचा साबण

हे तिन्ही उपाय व्हॉट्सॲपवर फिरतात. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवला की गाडी तासभर चमकते, कारण वर तेलकट थर बसतो. त्यावर धूळ चिकटते, आणि रबराची बीडिंग फुगून खराब होते. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात. दातांसाठी ठीक आहेत, रंगासाठी नाहीत. भांड्यांचा साबण वॅक्सचा थर काढून टाकतो. सिलिकॉनवालं चकचकीत स्प्रे पॉलिश वरून निरुपद्रवी वाटतं, पण पुढे एखादा भाग रंगवायची वेळ आली की नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि पेंटर कपाळाला हात लावतो.

पक्ष्याची विष्ठा किंवा झाडाचा चीक दिसला तर खरवडू नका. ओलं कापड दहा मिनिटं वर ठेवा, मऊ झालं की उचलून घ्या.

आता पॉलिश

गॅरेजमध्ये 'रबिंग-पॉलिश' हा एकच शब्द म्हणून वापरतात. पण रबिंग कंपाउंड हे रंग घासून काढणारं औषध आहे, पॉलिश त्याहून बरंच सौम्य. हलकं पॉलिश फार तर एक-दोन मायक्रॉन घेतं. जाड कंपाउंड आणि लोकरीचं पॅड त्याच्या कितीतरी पट घेऊ शकतं. दर दिवाळीला रबिंग करून घेणाऱ्या गाडीचं पुढे काय होतं, हा हिशेब अवघड नाही.

कोरड्या, खडूसारख्या झालेल्या सिंगल स्टेज रंगावर जाणकार आधी कंपाउंड लावतच नाहीत. घासणारे कण नसलेलं तेलकट ग्लेझ भरपूर लावून ते काही तास, कधी रात्रभर तसंच ठेवतात आणि मग मऊ कापडानं हळूच काढतात. कापडावर मेलेला रंग येतो आणि खालच्या रंगाला गडदपणा येतो. बऱ्याच गाड्यांचं काम एवढ्यावरच भागतं. नाहीच भागलं तर सगळ्यात सौम्य पॉलिश, फोमचं मऊ पॅड, आधी वीतभर जागेवर. निकाल आवडला तरच पुढे.

मशीन वापरायचंच असेल तर डीए पॉलिशर, जे गोल फिरता फिरता हलतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. एकाच दिशेनं गरगर फिरणारं रोटरी मशीन नवख्या हातात काही सेकंदांत रंग जाळतं. त्यातही धोक्याची जागा म्हणजे कडा. रंग मारताना तो धारेवरून घसरतो, म्हणून तिथे थर मुळातच पातळ असतो. पद्मिनीच्या मडगार्डांच्या वरच्या घड्या, मागच्या छोट्या फिन, बॉनेटची कड, या सगळ्यांवर आधी मास्किंग टेप लावायची आणि शेवटी तो भाग हातानं करायचा. प्रायमर दिसला की खेळ संपला.

कोरडा सँडपेपर तर अजिबात नको. जुन्या पिवळ्या, लाल, नारिंगी रंगांत शिशाची संयुगं सर्रास वापरली जायची, ती धूळ नाकातोंडात जायला नको. घरात लहान मुलं असतील तर कापडं आणि पॅडही वेगळी धुवा.

शेवटी वॅक्स. ब्राझीलच्या एका पामच्या पानांवरून मिळणारं कार्नोबा वॅक्स जुन्या रंगावर उबदार दिसतं, पातळ थर पुरतो आणि काही महिन्यांनी पुन्हा लावता येतं. सिरॅमिक कोटिंगचा आग्रह डिटेलिंगवाले करतील, कारण पैसे त्यात आहेत. नव्या गाडीवर त्याला अर्थ आहे. पन्नास वर्षांच्या मूळ रंगावर नाही, कारण ते काढायचं झालं तर पुन्हा घासूनच काढावं लागतं.

पावसाळ्यात गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री टाकून चार महिने विसरून जाणं हा आपला आवडता प्रकार. आत दमट हवा कोंडते आणि रंगाला फोड येतात. हवा खेळती राहील असं, आतून मऊ कापडाचं कव्हर हवं, तेही धुतलेल्या आणि कोरड्या गाडीवरच. कोकणात, मुंबईत समुद्राजवळ गाडी असेल तर रंगाचे टवके उडालेल्या जागा पावसाआधी टच-अपनं बंद करून घ्या, खारी हवा तिथूनच आत शिरते.

आणि मापनात रंग फारच पातळ निघाला, कडांवर प्रायमर डोकावत असेल, तर? तर मशीन बंद. परदेशातल्या मोठ्या क्लासिक कार स्पर्धांमध्ये न रंगवलेल्या, जशा आहेत तशा जपलेल्या गाड्यांसाठी वेगळा गट असतो, आणि फिकट रंग, झिजलेल्या कडा, जुने ओरखडे तिथे दोष धरले जात नाहीत. अशा गाडीला वर्षातून दोनदा हातानं वॅक्स लावायचं, बस्स. त्या बोळ्यावर थोडासा रंग येईलच, तेवढा दर वेळी जाणारच.