साहसखेळ कोणाला म्हणावे?

साहसाचा खेळ म्हटले की आसनगावच्या माणसाला माहुलीच आठवायची. कसाऱ्याच्या गाडीतून दोरांची ओझी पाठीवर घेऊन उतरणारी मुले आपण पाहतोच. आज ज्या खेळाविषयी बोलायचे आहे, तो मात्र खुर्चीवर बसून संगणकाच्या पडद्यावर खेळायचा असतो. इंग्रजीत त्याला ‘ॲडव्हेंचर गेम’ म्हणतात. हे नाव आता इतक्या नाना तऱ्हांच्या खेळांना लावले जाते, की खरा साहसखेळ कोणता, हा त्याच्या रसिकांतला जुनाच तंटा होऊन बसला आहे. तो तंटा मला फुकाचा वाटत नाही.

गंमत अशी, की या खेळाचा जनक स्वतः गुहा धुंडाळणारा होता. विल क्राउथर हा अमेरिकन संगणकतज्ज्ञ केंटकीतील मॅमथ गुहेत हिंडत असे. तिच्यावरून १९७६ च्या सुमारास त्याने आपल्या मुलींसाठी एक खेळ रचला; १९७७ साली डॉन वुड्सने तो वाढवला. त्यात चित्र एकही नाही. पडद्यावर वर्णन उमटते आणि आपण ‘दिवा घे’, ‘उत्तरेस जा’ अशा अर्थाची दोन शब्दांची आज्ञा टंकायची. वाटेत साप आडवा येतो. त्याच्याशी झुंजून उपयोग नाही. पिंजऱ्यात धरून आणलेला पक्षी सोडला, की तो सापाला पळवून लावतो. आणि तो पक्षी धरायचा, तर आधी हातातली काठी खाली ठेवावी लागते, कारण तिला तो भितो! इथे बोटांच्या चपळाईचे काय काम? थांबून विचार केला, तरच वाट उघडते.

पुढे चित्रे आली. १९८७ च्या ‘मॅनिॲक मॅन्शन’मध्ये क्रियापदेच पडद्यावर मांडून ठेवली आणि टंकण्याचे कारण उरले नाही. पण कोडे जागेवर होते. बदलली ती केवळ आज्ञा देण्याची रीत. तेवढ्याने जात बदलत नाही.

आता पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेला ‘राजी’ घ्या. सर्कशीतली मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते; तिची कथा दुर्गा आणि विष्णू सांगतात. आपल्या पुराणांचा हा साज पाहून कौतुक वाटते. परंतु खेळणाऱ्याचा पुष्कळ वेळ त्रिशूळ चालवण्यात आणि उड्या मारण्यात जातो. कोडी मधूनमधून येतात. त्याला ‘ॲक्शन-ॲडव्हेंचर’ म्हणतात, ते जोडनाव प्रामाणिक आहे. नुसता ‘साहसखेळ’ म्हणून तो एखाद्या साठीच्या गृहस्थाच्या हाती दिला, तर पहिल्या राक्षसापाशीच ते थकतील. क्राउथरच्या गुहेत मात्र ते नातवाच्या पुढे जाऊ शकतील.

जुने ते सारे सोने, असेही नव्हे. कित्येक जुन्या खेळांत आरंभी एखादी वस्तू उचलायची राहिली, तर पुढे कित्येक तासांनी वाट बंद होई, आणि का, ते कळतही नसे. त्याला मी कोडे म्हणणार नाही, छळ म्हणेन. उलट २०१३ च्या ‘गॉन होम’मध्ये लढाई नाही आणि कोडीही नावापुरतीच, रिकाम्या घरात फिरायचे, चिठ्ठ्या वाचायच्या आणि कुटुंबात काय घडले, ते आपल्याच मनाशी जुळवायचे. कर्मठ मंडळी त्याला पंक्तीला घेत नाहीत. मी घेईन.