फुप्फुस : एका शब्दाचे गोत्र

रुग्णाच्या कागदावर 'पल्मोनरी' हा शब्द दिसला की घरची माणसे हबकतात. वैद्यकातले शब्द म्हणजे कडू काढा. डोळे मिटून गिळावा, चव विचारू नये, अशी आपली समजूत. मी भाषेचा विद्यार्थी. मला हा शब्द परका वाटत नाही, कारण तो आपल्याच गोत्रातला आहे.

लॅटिनमध्ये फुप्फुसाला 'पुल्मो' म्हणतात. त्यावरून 'पल्मोनरी', म्हणजे फुप्फुसासंबंधीचा. 'पुल्मो'चा सख्खा भाऊ म्हणजे ग्रीक 'प्लेउमोन'. श्वास घेणे या अर्थाच्या धातूच्या संगतीने ग्रीकांनी पुढे त्याचे 'प्नेउमोन' केले. आपला परिचित न्यूमोनिया त्यातूनच आला. भाषाशास्त्रज्ञ या शब्दांचा संबंध 'तरंगणे' या अर्थाच्या प्राचीन धातूशी जोडतात. संस्कृतात तोच धातू 'प्लु'. शाळेत आर्किमिडीजच्या धड्यात भेटलेले 'उत्प्लावक बल' आठवावे! संस्कृत 'क्लोमन्' हाही याच कुळातला मानतात, जरी आयुर्वेदात क्लोम म्हणजे नेमका कोणता अवयव याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

पण तरंगण्याचा येथे काय संबंध? बोकडाचे काळीज पाण्यात टाकले तर बुडते, फुप्फुस मात्र हवेमुळे वर राहते. प्राचीन माणसाने हे पाहिले आणि नाव दिले. इंग्रजी 'लंग'चे मूळही 'हलका' या अर्थाचे; आपला 'लघु' त्याचाच आप्त. 'फुप्फुस' हा शब्द मात्र फुंकण्याच्या आवाजावरून घडला असावा.

प्राणिशास्त्रातही 'पुल्मो'चा संचार आहे. पावसाळ्यात कुंपणावर दिसणाऱ्या गोगलगायीला कल्ले नसतात. तिच्या आवरणाखालची पोकळीच फुप्फुसाचे काम करते. म्हणून अशा गोगलगायींच्या गटाला 'पल्मोनाटा' म्हटले गेले. आजच्या वर्गीकरणात तो गट जसाच्या तसा उरलेला नाही, पण नाव प्रचारात आहे. याउलट भूमध्य समुद्रातल्या 'रायझोस्टोमा पुल्मो' या जेलीफिशला फुप्फुस मुळीच नाही. तिची छत्री श्वासासारखी मिटते-उघडते, एवढेच साम्य. 'पल्मोनेरिया' ही तर युरोपातली वनस्पती! तिची ठिपकेदार पाने फुप्फुसासारखी दिसतात, म्हणून ती फुप्फुसाच्या विकारांवर गुणकारी असा तिकडच्या जुन्या वैद्यांचा समज होता.

थोडक्यात, या नावांमागे गूढ काही नाही. पाहणाऱ्याचे डोळे आहेत. शब्दाचा अर्थ कळल्याने रोग बरा होत नाही, हे खरे. पण 'पल्मोनरी' म्हणजे केवळ 'फुप्फुसाचा' एवढे समजले, की घाबरून गप्प बसण्याऐवजी माणूस डॉक्टरांना पुढचा प्रश्न विचारू शकतो : फुप्फुसाला नेमके झाले आहे काय?