शेतीपूरक उद्योगाचा हिशेब आणि सनदी लेखापालांची ऑनलाइन सेवा

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत भात हे मुख्य पीक आहे. परंतु नुसत्या भातावर घर चालत नाही, हे ओळखून अनेक शेतकरी बंधू काजूप्रक्रिया, कोकम सरबत, कुक्कुटपालन, रोपवाटिका अशा जोडधंद्यांकडे वळले आहेत. काहींनी गट स्थापन केले, तर काहींनी शेतकरी उत्पादक कंपन्या काढल्या. धंद्याचे तंत्र शिकून घेण्याची तयारी सर्वत्र दिसते, मात्र हिशेबाची बाजू लंगडी राहते. गेल्या काही वर्षांत सनदी लेखापालांच्या, म्हणजे आपण ज्यांना सीए म्हणतो त्यांच्या कामाची पद्धत पार बदलली आहे. तिचा लाभ वीरसारख्या गावात बसून कसा घेता येईल आणि त्यात कोठे सावध राहावे, याची माहिती येथे दिली आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. स्वतःच्या देखरेखीखाली जमीन कसून पिकविलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला त्या विक्रीपुरती वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागत नाही. ही सवलत व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब यांना आहे, कंपनीला नाही. कोकमाचे सरबत बाटलीत भरून विकू लागलात की तो शेतमाल राहात नाही. उलाढाल वर्षाला ४० लाख रुपयांवर गेली, किंवा त्याआधीच माल गोव्याला पाठवायचा झाला, तर नोंदणी घ्यावी लागते. आयकराचेही तसेच आहे. रोपवाटिकेतील रोपांचे उत्पन्न शेतीचे समजले जाते, परंतु कोंबड्या व दूध यांचे उत्पन्न शेतीचे धरले जात नाही. म्हणून जोडधंद्याची कीर्द-खतावणी शेतीपासून वेगळी ठेवावी.

पूर्वी हे काम म्हणजे वर्षाअखेरीस बिलांची पिशवी घेऊन महाड किंवा पनवेल गाठणे असे. रोहा ते वीर हा कोकण रेल्वेचा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाल्यावर प्रवास सोपा झाला, पण पिशवी तशीच राहिली. आता बहुतेक कार्यालये महिन्याच्या महिन्याला काम करतात. शेतकऱ्याने बिलाचा फोटो मोबाईलवरून पाठवावा, बँकेचे खातेउतारे थेट संगणकातील हिशेबात ओढून घेतले जातात, आणि लेखनिक फक्त न जुळलेल्या रकमा विचारतो. बिल आले त्याच दिवशी फोटो पाठविण्याची सवय लावावी. चार महिन्यांनी कोणते बिल खताचे आणि कोणते बारदानाचे, हे आपल्यालाच आठवत नाही.

या पद्धतीचा एक फायदा महाडकरांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. भिजलेली वही वाळवता येते, पण उतरलेली शाई परत येत नाही. कायद्याप्रमाणे कंपनीला हिशेबाची पुस्तके ८ वर्षे जपावी लागतात. संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या कंपनीने त्याची प्रत भारतात असलेल्या सर्व्हरवर दररोज ठेवावी, असा नियम २०२२ पासून आहे. आपल्या लेखापालाकडे ही प्रत कोठे जाते, हे विचारून घ्यावे. एकाच खोलीतील दोन संगणकांवर ठेवलेली प्रत पुरात कामाची नाही.

खरा पैसा वाचतो तो खरेदीवरील कराच्या वजावटीत. समजा, वीर परिसरातील एका गटाने नोंदणी घेऊन सरबताच्या बाटल्या खरेदी केल्या आणि बिलात १८,००० रुपये कर भरला. हा कर पुढील विक्रीच्या करातून वजा मिळतो. परंतु जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की, बाटलीवाल्याने आपल्या विवरणात ते बिल दाखविले असेल आणि ते आपल्या जीएसटीआर-२बी या उताऱ्यात आले असेल तरच वजावट घेता येते. हा उतारा दर महिन्याच्या १४ तारखेला संकेतस्थळावर तयार होतो. चांगले कार्यालय तो लगेच उतरवून घेऊन आपल्या बिलांशी ताडून पाहते व राहिलेल्या बिलांची यादी आपल्याला पाठविते. यादी हाती असेल तर व्यापाऱ्याचे पुढचे पैसे देण्याआधी त्याला जाब विचारता येतो. वर्षाअखेरीस कळले तर व्यापारी सापडेलच असे नाही.

उत्पादक कंपनीच्या बाबतीत मुदतीला फार महत्त्व आहे. ताळेबंदाचा एओसी-४ आणि वार्षिक विवरणाचा एमजीटी-७ हे फॉर्म मुदतीत भरले नाहीत, तर प्रत्येकी दररोज १०० रुपये जादा शुल्क लागते. एक वर्ष उशीर झाल्यास दोन्हींचे मिळून ७३,००० रुपये होतात. नव्या कंपनीचे भागभांडवल कधी कधी एवढेही नसते. सलग तीन वर्षे फॉर्म गेले नाहीत, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. व्यवसाय चालला नाही म्हणून फॉर्म भरायचे नाहीत, ही समजूत चुकीची आहे. लेखापालाच्या प्रणालीतून मुदतीची आठवण मोबाईलवर येते. ती अध्यक्षांबरोबर आणखी एका संचालकालाही येईल, अशी व्यवस्था करून घ्यावी.

आता सावधगिरीचा भाग, जो लेखकाच्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. नोंदणी करताना आपल्याऐवजी सल्लागाराचाच मोबाईल क्रमांक व ई-मेल दिल्याचे पुष्कळ ठिकाणी आढळून येते. वस्तू व सेवा कराच्या नोटिसा संकेतस्थळावर व ई-मेलवर येतात आणि ती कायदेशीर बजावणी मानली जाते. सल्लागाराशी बिनसले किंवा त्याने कार्यालय बंद केले, तर नोटीस आल्याचे आपल्याला कळतही नाही व आदेश एकतर्फी होतो. अपिलाची मुदत तीन महिन्यांची असून सबळ कारण असल्यास त्यापुढे एकच महिना मिळतो. म्हणून मोबाईल क्रमांक स्वतःचाच द्यावा. आयकराच्या संकेतस्थळावर पासवर्ड न देताही सीएची आपल्या खात्याला जोडणी करता येते. ओटीपी सांगण्यापूर्वी तो कोणत्या कामासाठी आहे हे विचारावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

संचालकांच्या डिजिटल सहीचेही असेच. पेनड्राईव्हसारखे दिसणारे हे साधन सोयीसाठी कार्यालयातच ठेवले जाते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे या सहीला हाताने केलेल्या सहीइतकेच मोल आहे आणि ती जपण्याची जबाबदारी सहीच्या मालकावर आहे. सही करून कोरा धनादेश कोणाकडे ठेवाल काय? मग हे साधनही कपाटात ठेवावे, व फॉर्म वाचून झाल्यावरच लावावे.

गटातील सभासदांना हिशेबावर नजर ठेवण्यासाठी दोन सोयी उपलब्ध आहेत. कंपनीच्या हिशेबाच्या संगणकप्रणालीत प्रत्येक नोंद कधी बदलली याची खूण आपोआप राहिली पाहिजे, असे बंधन १ एप्रिल २०२३ पासून आहे. जुन्या तारखेची नोंद गुपचूप फिरविणे त्यामुळे अवघड झाले आहे. वार्षिक सभेत ही नोंदयादी पाहण्यास मागावी. दुसरी सोय यूडीआयएन या १८ अंकी क्रमांकाची. २०१९ पासून सीएने दिलेल्या प्रत्येक दाखल्यावर व लेखापरीक्षण अहवालावर तो असावा लागतो, आणि सनदी लेखापाल संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही तो पडताळता येतो. कर्जप्रकरणासाठी दाखला घेतला असेल, तर बँकेत देण्यापूर्वी आपणच क्रमांक तपासून पाहावा. क्रमांक नसलेला दाखला परत करावा.

लेखापालाकडे प्रथम जाताना पॅन, आधार, बँकेचे खातेउतारे, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि मागील वर्षाची विवरणे न्यावीत. इतर उत्पन्नाबरोबर शेतीचे निव्वळ उत्पन्न ५ लाखांवर असेल, तर विवरणात जमिनीचा जिल्हा, क्षेत्र, ती स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत हेही लिहावे लागते. व्याजावर किंवा अन्य रकमेवर कर कापला गेला असल्यास तो २६एएस या उताऱ्यात दिसतो. कर देय नसेल तर विवरण भरून तो परत मिळतो, मात्र विवरण भरल्यापासून ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने त्याची पडताळणी करावी लागते. वीरच्या आसपास पावसाळ्यात मोबाईलला रेंज राहात नाही, तेव्हा हे काम शेवटच्या दिवसावर ठेवू नये.