उंबरठ्याच्या आतून गायिलेले घर

घराविषयीची गाणी बहुधा घर सुटल्यावर सुचतात. जात्यावरच्या ओव्यांतील माहेर हे सासरी नांदणाऱ्या स्त्रीचे माहेर असते. अंतर पडल्यावाचून ओढ लागत नाही. परंतु न्यूझीलंडमधील एका मुलीने आपला पहिला गीतसंग्रह रचला, तो त्याच घरात राहून, शाळकरी वयात.

तिचे नाव एला येलिच-ओ'कॉनर. गायिका म्हणून ती 'लॉर्ड' या नावाने ओळखली जाते. तिचा जन्म १९९६ चा. ऑकलंड शहरासमोर, खाडीच्या पलीकडे डेव्हनपोर्ट नावाचे शांत उपनगर आहे. तेथून शहरात जाण्यास फेरीबोट मिळते. तेथेच ती वाढली. आई सोन्या येलिच कवयित्री. मुलीला वाचनाची गोडी तिनेच लावली.

२०१२ साली, पंधराव्या वर्षी, एलाने 'रॉयल्स' हे गीत लिहिले. त्या काळच्या लोकप्रिय गाण्यांत उंची मोटारी, जडजवाहीर आणि मद्य यांची रेलचेल असे. यांपैकी काहीच आपल्या वाट्याचे नाही, हे तिने सरळ सांगितले. आणि त्याची लाज बाळगली नाही. २०१३ मध्ये हे गीत अमेरिकेत सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'प्युअर हीरोइन' हा दहा गीतांचा संग्रह प्रसिद्ध झाला. संगीतरचनेत जोएल लिटल तिचा सहकारी होता. वाद्ये मोजकीच, एकाच गळ्याचे अनेक आवाज एकमेकांवर रचून बहुतेक काम साधले आहे. विषयही साधेच: मोटारीतून उगाच मारलेले फेरफटके, टेनिसचे मैदान, मित्रमंडळ. चित्रपटांत ज्यांना स्थान मिळत नाही, अशा गावांतील मुलांची बाजू 'टीम' या गीतात मांडली आहे.

संग्रहाचे मर्म मात्र 'रिब्स' या गीतात आहे. आईवडील बाहेरगावी असताना घरी झालेल्या एका मेजवानीतून ते सुचले. घर तेच, मित्र तेच; परंतु त्या रात्री त्या मुलीला प्रथमच आपण मोठे होत असल्याचे भय वाटले. बालपण अजून हातात असतानाच ते निसटत असल्याची जाणीव झाली. ओवीतील स्त्री गेलेल्या माहेरासाठी झुरते. ही मुलगी जाणाऱ्या घरासाठी आधीच व्याकूळ होते.

पुढे जानेवारी २०१४ मध्ये 'रॉयल्स'ला दोन ग्रॅमी पारितोषिके मिळाली. घर सुटण्याचे भय ज्या गाण्यांत होते, त्याच गाण्यांनी तिला घरापासून दूर, जगाच्या रंगमंचावर नेले.