जोर आणि नेम

गेल्या दिवाळीआधी साताऱ्याच्या घराचा माळा साफ करताना जुन्या धोतरात गुंडाळलेली एक लांबट वस्तू हाती आली. उलगडून पाहायची गरज नव्हती. वडिलांची छर्र्याची बंदूक. पन्नासहून अधिक वर्षे ती तिथे होती. का होती, हे घरात फक्त मला ठाऊक होते.

अकरा वर्षांची नात खाली शिडी धरून उभी होती. "आजोबा, ही चालते?"

चालवून पाहिली. छर्रा दहा पावलांवरच्या पुठ्ठ्याला जेमतेम टेकला आणि खाली पडला. नात हसली. मला मात्र ती दुरुस्त करावीशी वाटली आणि त्याचे माझे मलाच आश्चर्य वाटले.

जन्मभर बँकेत खर्डेघाशी केलेल्या माणसाला बंदुकीतले काय कळणार? मदतीला आले आमच्या शाखेचे जुने सुरक्षारक्षक. फौजेतून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना अजून हवालदार म्हणतो, ते मला अजून साहेब म्हणतात.

"साहेब, दारूची नसली तरी हिला कमी समजू नका," त्यांनी आधीच बजावले. मागची पिन काढली की दाबून बसवलेली स्प्रिंग उसळून बाहेर येते. डोळासुद्धा जाऊ शकतो. म्हणून त्यांनी बंदूक शिकंज्यात धरली, दोघांनी चष्मे चढवले आणि मग ताण हळूहळू उतरवला. नातीला दाराबाहेर उभे केले होते.

आतली रचना बरीचशी सायकलच्या पंपासारखी. नळी खाली वाकवली की दट्ट्या मागे सरकतो, स्प्रिंग दबते आणि खटका अडकतो. चाप ओढला की दट्ट्या पुढे झेपावतो आणि त्याच्यापुढे दाबली गेलेली हवा छर्र्याला ढकलते. आमच्या दट्ट्याचे चामडी वायसर वाळून लाकूड झाले होते. हवा कडेने निसटत होती. ग्रीस काळे पडून गोठले होते. सगळे पुसून काढले, नवे वायसर तेलात मुरवून बसवले.

"तेल बेताने," हवालदार म्हणाले. जास्त झाले तर दाबाने तापलेल्या हवेत ते पेटते. धूर निघतो, मोठा बार होतो. लोकांना वाटते, बंदूक जोरदार झाली. प्रत्यक्षात स्प्रिंग आणि वायसर यांचे आयुष्य कमी होत असते.

स्प्रिंगच्या बाबतीत मीही असाच फसलो. दुकानदाराने जाड स्प्रिंग पुढे केली. "काका, ही टाका, डबल पॉवर!" हवालदारांनी मान हलवली, पण मी ऐकले नाही. खरे तर जोराला कायद्याचीही मर्यादा आहे. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार ऊर्जा 20 ज्यूलहून जास्त किंवा नळीचे छिद्र 4.5 मिलिमीटरहून मोठे असेल, तर हवेच्या बंदुकीलाही परवाना लागतो. आमची म्हातारी तिथवर पोचणारी नव्हतीच. पण नवी स्प्रिंग घातल्यावर दहा छर्रे वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानावर विखुरले.

कारण साधे होते. दट्ट्या सुटताना बंदूक मागे ढकलली जाते, तो टोकाशी पोचताना पुढे खेचली जाते. छर्रा नळी सोडण्याआधीच हे हिसके सुरू होतात. जोर वाढवला की हिसकाही वाढतो.

मग हवालदारांनी जुनीच स्प्रिंग काचेवर लोळवून पाहिली. सरळ होती. टोके घासून गुळगुळीत केली आणि तीच परत बसवली. "आता घट्ट आवळू नका. हातावर नुसती ठेवा. तिला हलायचे तसे हलू द्या." या वेळी दहा छर्रे चहाच्या कपाच्या तोंडात मावतील एवढ्या जागेत बसले.

नात टाळ्या वाजवत होती. मग तिने विचारले, "ही माळ्यावर का ठेवली होती?"

तेव्हा सांगितले. 1972 साल. मीही अकरा वर्षांचाच. परसातल्या पेरूवर बसलेली साळुंकी मी याच बंदुकीने पाडली. तिची जोडीदारीण अंधार पडेपर्यंत कुंपणावर ओरडत होती. वडिलांनी मारले नाही. माझ्याकडून खड्डा खणून घेतला, पक्षी पुरायला लावला आणि बंदूक धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकली. त्यानंतर हा विषय आमच्यात कधीच निघाला नाही.

सलीम अलींनी लहानपणी छर्र्याच्या बंदुकीने पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली होती. ती कोणती, हे विचारायला ते 1908 मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तिथून त्यांचे आयुष्य बदलले. माझ्या साळुंकीने मला पक्षितज्ज्ञ केले नाही. मी फक्त गप्प राहिलो.

"मग दुरुस्त कशाला केलीत?" नातीने विचारले.

उत्तर तयार नव्हते. एवढेच सुचले, की माळ्यावरची वस्तू कोणीतरी कधीतरी काढतेच. माझ्यामागे ती नुसतीच तिच्या हाती लागली असती, तर तिच्याबरोबर ही गोष्ट गेली नसती.

आता बंदूक कपाटात कुलपात असते, छर्रे वेगळ्या खणात, किल्ली माझ्याकडे. रविवारी मागच्या भिंतीशी वाळूची पोती रचून आम्ही कागदावर नेम धरतो. छर्रा घातल्याशिवाय चाप ओढायचा नाही आणि ताणलेली बंदूक तशीच ठेवायची नाही, हे तिला पाठ आहे. पेरूवर पाखरू आले, तर ती नळी खाली करून थांबते. मी कधी सांगितलेले नाही.

प्रत्येक कागदावर ती तारीख घालते आणि माझी सही घेते. शेवटी बँकवाल्याची नात आहे.