आधी टॅपेट, मग टायमिंग

माझ्या चुलत दादाच्या गॅरेजमध्ये 1970 सालची एक फोक्सवॅगन बीटल आहे. इंजिन मागच्या बाजूला, चार सिलेंडर, 1600 सीसी, आणि पाण्याऐवजी हवेने थंड होणारं. गेल्या हिवाळ्यात दादाने ते इंजिन पूर्ण खोललं आणि घरीच पुन्हा बांधलं. दर शनिवारी मी मदतीला जायचो. मदत म्हणजे बहुतेक वेळ टॉर्च धरणं! दहावीतली पुतणी मात्र हातात पाना घेऊन पुढे असायची.

इंजिन बांधून झालं तरी लगेच चावी फिरवायची नसते. दोन कामं उरतात. झडपांमधलं अंतर ठरवायचं आणि ठिणगीची वेळ जुळवायची. मी मराठी शाळेत ‘दट्ट्या’ आणि ‘झडप’ हे शब्द शिकलो. आपल्याकडचे मेस्त्री मात्र ‘पिस्टन’ म्हणतात, आणि या कामांना ‘टॅपेट सेट करणं’ आणि ‘टायमिंग लावणं’. दोन्ही प्रकारचे शब्द माहीत असलेले बरे.

प्रत्येक सिलेंडरला दोन झडपा असतात. एकीतून हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसरीतून जळालेला धूर बाहेर जातो. झडप उघडते ती रॉकर नावाच्या छोट्या दांड्याने दाबल्यावर. झडप बंद असताना तिचं टोक आणि रॉकर यांच्यात थोडी फट लागते. आमच्या इंजिनात ती 0.15 मिलिमीटर ठेवायची होती, म्हणजे जाड कागदाएवढी.

एवढीशी फट कशाला? कारण झडप आपली उष्णता कुठे सोडते ते बघा. ती घट्ट बंद होऊन आपल्या बैठकीला टेकते, तेव्हाच तिची बरीचशी उष्णता हेडमध्ये जाते. फट नसेल तर झडप पूर्ण टेकत नाही, तापत राहते आणि शेवटी तिची कड जळते. धुराच्या झडपेला हा धोका जास्त. फट फार मोठी असेल तर टकटक आवाज येतो आणि झडप कमी उघडते. दोन्ही चूकच, पण आवाज करणारी झडप निदान सांगते तरी. घट्ट झडप गप्प बसून जळते.

हे माप इंजिन पूर्ण थंड असतानाच घ्यायचं. तापल्यावर वेगवेगळे धातू कमीजास्त प्रसरण पावतात आणि आकडा बदलतो.

आता आमची चूक सांगतो. एक नंबरच्या झडपा सेट करताना त्याचा पिस्टन अगदी वर हवा आणि दोन्ही झडपा बंद हव्यात. पुलीवरची शून्याची खूण इंजिनाच्या मधल्या सांध्यासमोर आली की पिस्टन वर असतो. पुतणी म्हणाली, “काका, खूण जुळली!” मीही मान डोलावली. तिने दोन्ही झडपा सेट केल्या. दादा चहा घेऊन आला, त्याने डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि विचारलं, “अरे, रोटर कुठे बघतोय?”

रोटर तीन नंबरकडे बघत होता.

झडपांचं एक चक्र पूर्ण व्हायला पुली दोनदा फिरते. म्हणजे खूण दोनदा जुळते. एकदा एक नंबरच्या दोन्ही झडपा बंद असतात. दुसऱ्यांदा धुराची झडप बंद होत असते आणि दुसरी उघडायला लागलेली असते. आम्ही नेमकं दुसऱ्या वेळी माप घेतलं होतं. पुली एक पूर्ण फेरा फिरवली आणि गेज पुन्हा घातला, तर तो ढिलाच! पुतणीचा चेहरा पडला. दादा तिला एवढंच म्हणाला, “सांग बरं, रोटर आधी बघायचा की खूण?” चूक खरं तर माझी होती, टॉर्च माझ्याच हातात होती.

या इंजिनात ठिणगीचा क्रम 1-4-3-2 असा आहे. म्हणून पुली दरवेळी अर्धा फेरा उलटी फिरवली की 1, 2, 3, 4 असा सरळ क्रम मिळतो. आधी उजव्या बाजूचे दोन सिलेंडर, मग डाव्या बाजूचे. उगाच गाडीच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत.

टॅपेट झाले की टायमिंग. पिस्टन वर पोचण्याच्या थोडं आधीच ठिणगी पडावी लागते, कारण पेट्रोल जळायला वेळ लागतो. मिनिटाला 4000 फेरे होत असतील, तर एका सेकंदाच्या हजाराव्या भागात पुली 24 अंश फिरते. गुणाकार करून बघा! म्हणून वेग वाढला की डिस्ट्रिब्युटरमधली छोटी वजनं ठिणगी आणखी आधी आणतात.

आमच्या बदली डिस्ट्रिब्युटरला इंजिन बंद असताना साडेसात अंश आधी, असं माप होतं. पुलीवर शून्याचीच खूण होती. मग पुतणीने पुलीचा परीघ दोऱ्याने मोजला, 360 ने भागला, साडेसातने गुणला आणि शून्याच्या उजवीकडे पांढरा ठिपका दिला.

त्याआधी पॉइंटची फट 0.4 मिलिमीटर करून घेतली. हा क्रम उलटा चालत नाही. पॉइंटची फट वाढवली की ते लवकर उघडतात, म्हणजे ठिणगीही लवकर पडते. आयटीतही एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे पुन्हा तपासावे लागतात.

मग कॉइलच्या एक नंबरच्या टोकाला आणि इंजिनाच्या धातूला 12 व्होल्टचा दिवा जोडला. इंजिन ठिपक्यावर, चावी चालू. डिस्ट्रिब्युटर आधी घड्याळाच्या दिशेने फिरवून पॉइंट मिटवले, मग हळूहळू उलटा फिरवला. दिवा लागला तिथेच थांबून बोल्ट कसला. दिवा लागणं म्हणजे पॉइंट उघडणं, आणि पॉइंट उघडले की ठिणगी.

इंजिन तिसऱ्या प्रयत्नात सुरू झालं. 300 मैलांनंतर आम्ही झडपा पुन्हा तपासल्या, कारण नवे भाग बसतात तशी फट बदलते. दोन ठिकाणी ती थोडी कमी झाली होती, ती परत केली. दादा आता वहीत प्रत्येक झडपेचा आकडा लिहून ठेवतो. एकच झडप पुन्हापुन्हा घट्ट होत असेल, तर ती ताणली जात असते किंवा तिची बैठक आत दबत असते. तेव्हा नुसतं सेट करत बसायचं नाही, हेड उतरवायचं. अशी झडप चालत्या गाडीत तुटली तर पिस्टनही जातो.